जपानातली थोरली पाती

माझ्या मुलीच्या, इराच्या वाढदिवसाला सातपुते काकांनी श्रीखंडाची वाटी दोन बोटांनी लांब सारली आणि म्हणाले, "वैनी, गोड नको. सुतक हाय."

हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी आपापल्या वाट्या खाली ठेवल्या. काकांची म्हातारी आई इचलकरंजीला असते. "कोण गेलं काका?" मी विचारलं.

"थोरले."

"थोरले म्हणजे? मोठे भाऊ?"

"कंपनीचे थोरले. जपानात. सकाळीच बातमी आली न्हवं का!"

माझी शेजारीण सुनीता लोपीस वसईची, इथं बहरीनमध्ये हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं क्रूसाची खूण करायला हात कपाळापर्यंत नेला होता, तो तिथंच राहिला. खूण पुरी करावी की नाही, हे तिला कळेना. कळत मलाही नव्हतं. मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या गल्लीत कापडाच्या दुकानात उभं राहणाऱ्या माणसाला एका जपानी मोटार कंपनीच्या निवृत्त अध्यक्षाचं सुतक कसं काय लागतं? समीर, म्हणजे माझा नवरा, जमेल तितका गंभीर चेहरा करून म्हणाला, "किती दिवसांचं धरायचं?"

"लांबचं हाय. तीन दिवस बास," काका म्हणाले आणि त्यांनी बटाट्याची भाजी दोनदा मागून घेतली. सुतक फक्त गोडाला होतं.

ही कंपनी म्हणजे कुठली, ते मी सांगणार नाही, कारण काका तिचं नाव घेत नाहीत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं. "आपली कंपनी" म्हणतात, "घराणं" म्हणतात, फार रंगात आले की "थोरली पाती" म्हणतात, म्हणजे भाऊबंदांतली मोठी शाखा. इतकी वर्षं ऐकून मलाही नाव घेणं आगाऊपणाचं वाटायला लागलंय. तुम्ही बहरीनच्या कुठल्याही सिग्नलला उभे राहा, समोर, मागे, शेजारी जी गाडी दिसेल ती त्यांचीच असण्याचा संभव फार.

या नात्याचं मूळ मला बऱ्याच उशिरा कळलं. मोटारी करायच्या आधी ही मंडळी कापड विणायचे माग करत होती. हे खरं आहे, मी स्वतः शोधून वाचलंय. मूळ पुरुष सुताराचा मुलगा. घरातल्या बायकांना मागावर राबताना बघून त्यानं माग सुधारायला घेतला, आणि सुधारता सुधारता असा माग केला की धागा तुटला तर तो आपोआप थांबायचा. पुढं त्याच्या मुलानं मोटारींचं मनावर घेतलं. इथपर्यंतचा इतिहास जगाचा आहे. इथून पुढचा सातपुते काकांचा.

काकांच्या घरी इचलकरंजीला माग होते. "म्हंजे ते आमच्यातलेच की," काका म्हणतात, "मागवाले. आमी मागावरच ऱ्हायलो, ते गाडीवर गेले. एवढाच फरक." हा फरक ते अशा सुरात सांगतात, जणू मधल्या एखाद्या वळणावर आजोबांनी डावीकडं जायच्याऐवजी उजवीकडं पाऊल टाकलं असतं, तर आज जपानात सातपुत्यांचे कारखाने असते.

शिवाय या घराण्याचा एक माणूस इचलकरंजीला येऊन काकांच्या आजोबांच्या मागावर बसून गेला होता म्हणे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो इंजिनिअर होता आणि त्यानं चहा घेतला होता. दिवाळीत ऐकलं तेव्हा तो मूळ पुरुषाचा पुतण्या झाला. पुढच्या गणपतीत खुद्द मूळ पुरुषच आले आणि चहाच्या जागी उसाचा रस आला. मी हिशेब मांडून म्हटलं, "काका, ते तर तुमचे आजोबा तरुण व्हायच्या आधीच वारले असणार."

"मग पणजोबा असतील," काका जराही न ओशाळता म्हणाले. "रस मातर पक्का."

समीर मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळं त्याला काकांचा इतिहास सोसत नाही. एकदा त्यानं शोधून काढलं की जपानात छोट्या गाड्या करणारी दुसरी एक कंपनीही अशीच मागांपासून सुरू झाली होती. आता काका कसे सापडले, अशा तोऱ्यात तो त्यांना म्हणाला, "मग हे पण तुमच्यातलेच का?"

काकांनी डोळे मिटले. "गाव कंचं त्यांचं?"

"तुमच्या थोरल्यांच्या जवळपासचंच दिसतंय."

"मग ती धाकटी पाती," काका म्हणाले. विषय खलास. त्या दिवसापासून जगातल्या सगळ्या मोटारींची सोयरीक लागली. मोटारसायकली करणारी जपानी कंपनी ही सोयऱ्यांतली. कोरियन गाड्या म्हणजे शेजारी. जर्मन म्हणजे "मोठी मान्सं, पन आपल्यात बसत न्हाईत." चिनी विजेच्या गाड्यांबद्दल विचारलं, तर काका थोडा विचार करून म्हणाले, "त्यांचं अजून कळायचं हाय."

खंडेनवमीला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही गाड्यांची पूजा करतो. अर्थात पूजा सांगायला काका. थोरल्या पातीच्या गाडीला हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. धाकट्या पातीला नारळ, पण लहान. इथल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देशपांडे बँकेत वरच्या हुद्द्यावर आहेत आणि त्यांची गाडी जर्मन आहे. तिला काकांनी लांबून चार अक्षता टाकल्या. देशपांडे म्हणाले, "अहो, नारळ?" काका म्हणाले, "तिला न्हाई लागत सायेब. तिच्याकडं सर्व्हिस सेंटर हाय." देशपांड्यांनी मग आपला नारळ आपणच फोडला.

मागाची एक शिस्तही काकांनी अंगी बाणवली आहे. धागा तुटला की थांबायचं. बोलता बोलता कुणी काही चुकीचं बोललं की काकांचा हात वर. "थांबा. धागा तुटला." मग ते चुकलेलं दुरुस्त होईपर्यंत पुढं जायचं नाही. गेल्या गणपतीत आरतीचं एक कडवं कुणीतरी गाळलं, तर यांनी भर आरतीत हात वर केला. टाळ थांबले, निरांजन थांबलं. मग आरती पुन्हा पहिल्यापासून झाली, आणि नैवेद्य होईस्तोवर पोरं पेंगुळली.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, काकांकडं त्या कंपनीची एखादी झकास गाडी असेल. नाही. काकांना गाडी चालवताच येत नाही. त्यांच्याकडं लायसन्सच नाही. आणि तरीही बहरीनमधल्या मराठी माणसानं जुनी गाडी घ्यायची म्हटली की काकांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, असा दंडक होता.

काकांची गाडी तपासण्याची पद्धत एकदा बघायला हवी. बॉनेट ते उघडत नाहीत. इंजिनाचा आवाज ऐकत नाहीत. गाडीला एक प्रदक्षिणा घालतात, मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसतात, डोळे मिटतात आणि सीटचं कापड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळतात. कापडाचा माणूस. मग निकाल येतो. "बाई चालवत होती. पोरं दोन. मागं बसून खात्यात, पन गाडी जपलीय. यल्ला, घ्या." किंवा नुसतंच, "मफी." यल्ला म्हणजे चला, मफी म्हणजे नाही, आणि काकांचं मफी झालं की ती गाडी कितीही चकचकीत असो, नाहीच.

आमची गाडी अशीच घेतली. समीर बॉनेटमध्ये डोकं घालून तासभर काहीबाही तपासत होता आणि काका मागं बसून सीट चोळत होते. दोघांचंही मत एकच निघालं, याचा समीरला अजून राग आहे. गाडी उत्तम चालते. त्यात समीरचा वाटा किती, काकांचा किती आणि जपानचा किती, मला आजतागायत कळलेलं नाही. लोपीसांच्या गाडीचा एसी मात्र ऐन ऑगस्टात बंद पडला, तीही काकांनीच पसंत केलेली. त्यावर काकांचं म्हणणं, "एसीत कापड नसतंय, माझा काय इलाज?"

आता या सगळ्यातली खरी गोष्ट सांगते. काकांची आई आणि बायको इचलकरंजीला. मुलगा पुण्यात नोकरीला. इथं मनामात ते तिघांबरोबर एका खोलीत राहतात. ते तिघं केरळचे, माणसं भली आहेत, पण आपसात मल्याळम बोलतात. दुकानात हिंदी, खोलीत मुकाट्यानं. असा आठवडा जायचा आणि शुक्रवार यायचा. शुक्रवारी दुकान बंद. मग कुणाचा तरी फोन, "काका, एक गाडी बघायचीय." काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे. गाडी बघून झाली की ज्याची गाडी त्याच्या घरी जेवण. जेवण झालं की तिथंच सोफ्यावर झोप, मग चहा, मग पोरांना जपानच्या गोष्टी. पोरं इंग्लिशमध्ये प्रश्न विचारायची, काका इचलकरंजीच्या मराठीत उत्तरं द्यायचे, आणि दोन्ही पक्षांचं भागायचं. ते शुक्रवार म्हणजे काकांची सगळी इस्टेट होती, आणि ती त्या कंपनीच्या नावावर उभी होती.

पुढं लोक हुशार झाले. म्हणजे फोन हुशार झाले. गाडीचे फोटो, आधीच्या मालकाची माहिती, अपघात झाला होता का, सगळं घरबसल्या दिसायला लागलं. सीट चोळायला कोण कशाला थांबतंय? काकांचे फोन कमी झाले. मला जाणवलं होतं, पण माणूस आपल्या कामात असतो. वाटलं, काका दुसऱ्या कुणाकडं जात असतील.

आणि मागच्या उन्हाळ्यात ती बातमी आली. कंपनीनं कुठल्याशा देशात विकलेल्या कुठल्याशा मॉडेलच्या गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. असं सगळ्याच कंपन्यांना कधी ना कधी करावं लागतं, पण या बातमीबरोबर एक व्हिडिओ आला. काळ्या कोटातले साहेब एका रांगेत उभे राहून कमरेतून वाकून लोकांची माफी मागताहेत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर धुमाकूळ. "काका, घराण्याचं काय झालं?" "काका, आता कुठल्या पातीत जायचं?" देशपांड्यांनी तर नारळाचं चित्र टाकलं. एरवी काका 'सुप्रभात'लासुद्धा हात जोडून उत्तर देतात. त्या दिवशी एक अक्षर नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडाची मोठी पिशवी. मुलाचं लग्न ठरलं बहुतेक, पत्रिका घेऊन आले, असं समजून मी घाईघाईनं हळदकुंकू बाहेर काढलं. काकांनी पिशवीतून एक ब्लाउजपीस आणि एक शर्टपीस काढून टीपॉयवर ठेवला. चपला काढून ताठ उभे राहिले.

"वैनी, समीरराव," ते म्हणाले, "घराण्याच्या वतीनं माफी मागतो." आणि व्हिडिओतल्या साहेबांसारखे कमरेतून वाकले.

वाकले ते वाकलेच. आम्हाला वाटलं, जपानी पद्धतच असेल. आम्ही दोघं अवघडून उभे. शेवटी खालून क्षीण आवाज आला, "समीरराव, उसण भरली." समीरनं त्यांना धरून हळूहळू सरळ केलं, मी बाम आणला, आणि कंपनीच्या अब्रूचा विषय तिथं थांबला. काका जेवले, सोफ्यावर झोपले, चहा घेऊन गेले.

संध्याकाळनंतर कधीतरी सुनीताचा फोन. "अगो, काका कायमचे इंडियाला चाललेत का? दारात आले, ब्लाउजपीस दिला आणि वाकले. मला काय समजलं नाय, मी पण वाकले. आता दोघं वाकलेलो, पहिला उठणार कोण?"

काकांनी घरोघर माफी मागितली. ज्यांनी त्यांच्या सल्ल्यानं गाडी घेतली होती, त्यांची तर मागितलीच. देशपांड्यांचीही मागितली. देशपांडे बावचळून म्हणाले, "अहो, माझी गाडी जर्मन आहे!" काका म्हणाले, "आपल्या मान्साची चूक झाली की नाव समद्याच गाड्यांचं जातंय सायेब." आणि तिथंही जेवले.

मी त्यांना समजवायला गेले. म्हटलं, "काका, तुम्हीच सांगता ना, धागा तुटला की थांबायचं? मग त्यांनी थांबून तपासायला घेतलं, ही तर घराण्याची रीतच झाली." काका म्हणाले, "मागाला थांबायची लाज वाटत न्हाई वैनी. मान्साला वाटती." मला वाटलं, फार मनाला लावून घेतलंय यांनी. एका परक्या देशातल्या कंपनीसाठी माणूस इतका खचतो, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

काही आठवडे गेले. पुन्हा एका शुक्रवारी बेल. पुन्हा काका, पुन्हा पिशवी. ब्लाउजपीस, शर्टपीस. चपला काढून ताठ उभे.

"काका," मी म्हटलं, "आमची माफी झाली की!"

"झाली?"

"झाली. तुमची कंबर धरली होती. विसरलात?"

"तवा समीरराव घरी न्हवते," काका म्हणाले.

"काका, मीच तर तुम्हाला सरळ केलं," समीर म्हणाला. काका पिशवीचे बंद उगाचच घट्ट करत राहिले. समीरनं आपला फोन त्यांच्यापुढं धरला. "आणि हे बघा. आमच्या गाडीचा याच्याशी काही संबंध नाही. बहरीनमधल्या कुणाच्याच नाही. उगाच माफी मागत फिरताय तुम्ही."

काकांनी फोनकडं पाहिलंच नाही. "ठावं हाय की," ते म्हणाले. "पयल्याच दिवशी बगितलंय."

आता मात्र आमचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार. "मग कशासाठी?" मी विचारलं.

काका खुर्चीच्या कडेला टेकले. टीपॉयवरच्या ब्लाउजपीसची घडी त्यांनी हातानं सारखी केली, तशी ती सारखीच होती.

"आता गाड्या समदे फोनवर बगत्यात," ते म्हणाले. "बेस हाय, त्यात काय वाईट न्हाई. पन माझं काम कुनाला पडंना. आन् काम नसताना कुनाच्या दारात कसं जायाचं वैनी? बेल वाजवून सांगायचं काय? शुक्कीरवारी खोलीवर बसलो, तर ते तिघं आपसात बोलत्यात, हसत्यात. मी भित्तीकडं तोंड करून झोपल्यागत करतो. तेवढ्यात ही बातमी आली. म्हनलं, माफी मागाया तरी जाता येईल. समदी घरं झाली. मग पुन्ना तुमच्यापास्नं सुरू केलं."

इरा आतून आली, आमच्या तिघांकडं बघून तिला काही समजेना, ती काकांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा राग, ते मला नीट सांगता येणार नाही. काकांचा नव्हता, एवढं नक्की.

"काका," मी म्हटलं, "बरं झालं आलात. आम्हाला दुसरी गाडी घ्यायचीय."

समीरनं माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघांनी दुसऱ्या गाडीचा विचार कधी स्वप्नातही केला नव्हता. मग त्यानं फोन खिशात टाकला. "हो," तो म्हणाला, "बरेच दिवस मनात आहे. पण मला यातलं एकट्याला कळत नाही."

हे वाक्य समीरच्या तोंडून बाहेर पडताना त्याला किती कष्ट झाले, ते फक्त मला माहीत आहे.

काकांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. काका भोळे नाहीत. बिल्डिंगमध्ये आम्हाला गाडी लावायला जागा एकच आहे, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक आहे.

"लई शुक्कीरवार जातील," ते म्हणाले.

"जाऊ देत," मी म्हटलं. "आधी जेवायला बसा."

तेव्हापासून आम्ही गाड्या बघतोय. लोपीसही बघायला लागलेत आणि देशपांड्यांच्या बायकोलाही अचानक स्वतःची वेगळी गाडी हवीशी झालीय, त्यामुळं काकांच्या तारखा मिळणं अवघड झालंय. येत्या शुक्रवारी आमची पाळी आहे. झल्लाकला, समुद्राकडं, एक गाडी विकायला आहे. समीर म्हणतो, फोटोतच दिसतंय, रंग उडालाय, दार ठोकलेलं आहे, मालक अव्वाच्या सव्वा सांगतोय, ही घेण्याचा प्रश्नच येत नाही.

मी म्हटलं, मग हीच बघायला जाऊ.